शेंडेफळ

सकाळी साडेसातला, ऊन केगावच्या माळावर
नीट उभं राहायच्या आत
मी मेलेल्या मोजते.
कापसाचं बूच, खाली काचेची नळी, तळाला
मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, अगर,
मीच परवा शिजवलेली लापशी.
तिच्यावर पाय वर करून पडलेली फळमाशी,
तिळाएवढी.
वहीत एक उभी रेघ.

साधी ओळ साठ दिवसांत आटपते.
लांबवलेली नव्वदी ओलांडते, एखादी शंभरी गाठते.
लांबवली कशी म्हणाल तर
औषध नाही, काही नाही.
तरण्या माश्यांची अंडी दर वेळी फेकून दिली
आणि पंख झिजलेल्या,
काच चढता चढता घसरणाऱ्या म्हाताऱ्यांनी
जी चार घातली, तेवढीच ठेवली.
एक्केचाळीस पिढ्या.

विडी घरकुलात, मांडीवर सूप घेऊन पानं कापणाऱ्या अम्माला
हे सांगितलं, तर म्हणाली,
म्हणजे शेंडेफळांचं खानदान की गं.
मी तिला त्रेचाळिसाव्या वर्षी झाले.
थोरल्या भाग्यक्काच्या कडेवर तोवर स्वतःचं पोर होतं.
नळावरच्या बायका तेव्हा काय बोलल्या
ते अम्मा अजून सांगत नाही.

यातून काही सिद्ध होत नाही.
बंडगर सर म्हणतात, एकाचा नमुना म्हणजे नमुना नव्हे,
गोष्ट.
बरोबर आहे त्यांचं.

अम्माचं मोजणं वेगळं. दिवसाला हजार विड्या,
त्यातल्या साठ-सत्तर कारखान्याचा माणूस छाटून बाजूला सारतो.
रात्री ती विचारते, आज किती गेल्या?
मी विचारते, आज किती छाटल्या?
आकडे सांगून होतात
आणि आम्ही कडक भाकरी आमटीत मोडतो.

एप्रिलच्या चोवीस तारखेला ट्रान्सफॉर्मर उडाला.
बाहेर चव्वेचाळीस. आमच्या पेटीत कायम पंचवीस लागतात.
जनरेटरला डिझेल नाही, सर धारवाडला.
उन्हात माशी भराभरा जगते,
आठवड्याचं आयुष्य दोन दिवसांत उरकून टाकते.
चाळीस नळ्या थर्माकोलच्या खोक्यात भरल्या,
रिक्षावाल्याला म्हटलं, दादा, खड्डे चुकवा.
त्याने विचारलं, अंडी आहेत का?

अम्माने खोकं पाहिलं, मला काही विचारलं नाही.
पानं भिजवून रात्रभर गोणपाटात ठेवते तसंच
ओलं गोणपाट रांजणाभोवती गुंडाळलं,
घडीघडीत नळ्या खोचल्या,
वर नान्नांनी मागावर विणलेली चादर, पिळून.
दर तासाला हाताने शिंपडत बसली.
मी झोपले. मला लाज वाटते सांगायला, पण झोपले.
पहाटे जागी झाले तर ती तेलुगूत
कुणाला तरी दटावत होती,
थांबा गं जरा, येतोय वारा.

साध्या ओळीतल्या एकशे तीस गेल्या. लांबवलेल्यातल्या एकोणचाळीस.
सरांनी परत आल्यावर पान उघडलं,
तापमानाचा रकाना कोरा.
लाल पेनाने आडवी रेघ मारून म्हणाले,
ही बॅच धरायची नाही.
मीही तेच केलं असतं.

सतरा नंबरची नळी मात्र मी परत नेली नाही.
ती कोनाड्यात आहे, चुन्याच्या डबीशेजारी.
आत एकच उरलीय, मादी.
वहीत नाही, आलेखात नाही.
अम्मा तिला केळ्याचं साल देते, नखाएवढं,
आणि जुन्या विडी कार्डाच्या पाठीवर
रोज एक रेघ ओढते.
मी मेल्यावर रेघ मारते. ती
उजाडल्यावर.

काल कार्ड भरलं म्हणून तिने दुसरं काढलं.
आज घरी आले, चपला काढता काढता विचारलं,
किती झाल्या?
अम्माने मान वळवली नाही.
चष्मा काचेला टेकलेला,
कात्री मांडीवर तशीच उघडी.
शू, म्हणाली,
चढतेय.